होन आणि रुपया

तंजावरच्या मराठी राज्यात मोठ्या रकमा होनांत मोजीत. सोन्याचे हे इवलेसे नाणे विजयनगरपासून दक्षिणेत रुळलेले. मद्रासच्या कंपनी सरकारनेही ताऱ्याची खूण असलेला होन पाडला. कंपनीच्या हिशेबी ८० काशूंचा पणम आणि ४२ पणमांचा होन. बाजारात मात्र सराफ म्हणेल तो भाव! १७९९ च्या तहाने सरफोजी राजांनी किल्ल्याबाहेरचा कारभार कंपनीस दिला. मोबदल्यात वार्षिक एक लक्ष होन व निव्वळ महसुलाचा पंचमांश ठरला. १८१८ मध्ये मद्रासेत रुपया हे मुख्य चलन होऊन १०० होनांस ३५० रुपये हा दर बांधला गेला. त्या दराने राजांचे लक्ष होन साडेतीन लक्ष रुपये झाले. आकडा फुगला खरा. पण सोन्यात दिलेले वचन आता रुप्यात फिटू लागले. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे पुत्राविना निवर्तले, तेव्हा कंपनीने संस्थानच खालसा केले.