मावळ्यांची फौज रंगवताना: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीत कोल्हापूरच्या कुठल्याही पेठेतून चक्कर मारा, दारोदारी किल्ले दिसतात. कुणाचा पन्हाळा, कुणाचा विशाळगड, उतारावर उगवून आलेला अळीव आणि बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे. या मावळ्यांवर जीव जडलेल्या मुलांपैकी काहींना पुढे कधीतरी वॉरगेमिंगची ओळख होते. टेबलावर डोंगर, नदी, गाव मांडायचं, दोन्ही बाजूंना छोट्या सैनिकांच्या तुकड्या उभ्या करायच्या, मोजपट्टीने अंतर मोजून त्या हलवायच्या आणि चकमकीचा निकाल फाशांवर ठरवायचा, असा हा खेळ. यातला सैनिक साधारण 28 मिलिमीटरचा असतो आणि बहुतेक वेळा बिनरंगी मिळतो. म्हणजे खेळण्याआधी फौज रंगवायची. नेमकं इथेच बरेच जण थबकतात, आणि त्यामागे बहुधा चुकीच्या समजुती असतात.

पहिली समजूत घरातल्या मोठ्यांची: हा परदेशी पोरखेळ आहे. खरं तर प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ वापरला जात होता. रायस्वित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्याचे नियम 1824 मध्ये छापले. विज्ञानकथालेखक एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईला घरगुती नियम दिले. आज ज्या ‘वॉरहॅमर’चं नाव सर्वांत जास्त ऐकू येतं, तो इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने 1983 मध्ये बाजारात आणला. आणि हत्ती, घोडे, रथ, पायदळ पटावर मांडून लढण्याची कल्पना परकी म्हणायची, तर चतुरंग कुठला म्हणायचा?

दुसरी समजूत जास्त नुकसान करते. “माझा हात बसलेला नाही, चित्रकला आपल्याला जमत नाही.” आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात, कलापूर म्हणवणाऱ्या शहरात, हे दडपण जरा जास्तच असतं. पण फौज रंगवणं हे चित्र काढण्यापेक्षा वेगळं काम आहे. आकार शिल्पकाराने आधीच दिलेला असतो. पागोट्याच्या घड्या, अंगरख्याच्या चुण्या, ढालीची कड, सगळं उठावात असतं. कुठला रंग कुठे थांबवायचा हे ती कडच सांगते. हात थरथरणं तर सगळ्यांचंच असतं. त्यावर उपाय आहे. मावळा बाटलीच्या जाड झाकणावर दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने बसवायचा आणि झाकण डाव्या हातात धरायचं. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायची, दोन्ही मनगटं एकमेकांना लावायची. मग थरथर झालीच तर दोन्ही हातांची एकदम होते आणि ब्रशचं टोक जागेवरून फारसं हलत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नवखा माणूस चाळीस जणांची तुकडी आणतो, त्यातला एक उचलतो, पहिल्या रंगापासून शेवटच्या डोळ्यापर्यंत तो पुरा करतो आणि मग दुसरा हातात घेतो. तीन-चार झाले की उत्साह संपतो आणि उरलेले डब्यात जातात. प्रत्येक सैनिक म्हणजे स्वतंत्र कलाकृती, हा समज त्यामागे असतो. एकट्या सरदाराची मूर्ती तशी रंगवावी, फौज नाही. फौज रंगवण्याची रीत आपल्याच शहरात वर्षानुवर्षं चालत आली आहे. गणपतीच्या आधी शाहूपुरीच्या किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीत, नाहीतर बापट कॅम्पात जाऊन पाहा. ओळीने मांडलेल्या सगळ्या मूर्तींना आधी पांढरा हात. तो वाळला की सगळ्यांचा अंगरंग. मग सगळ्यांची पितांबरं, मग दागिने. एका वेळी एकच रंग कालवलेला, एकच ब्रश हातात. डोळ्यांची आखणी शेवटी, आणि तीही सगळ्यांत मुरलेल्या हाताची.

मावळ्यांचंही हेच करायचं. दहा जण एका पट्टीवर ओळीने उभे करा. दहाही जणांची कातडी, मग दहाही धोतरं, मग पागोटी. दहाव्या धोतराला पोचेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं, म्हणजे वाट पाहण्यात वेळ जात नाही. शिवाय तीच हालचाल दहादा केल्याने हात बसत जातो, पाचव्यापासून फरक दिसू लागतो. एवढ्या गर्दीत प्रत्येकाची चूक शोधायला कुणी जात नाही. टेबलावर फौज हात-दीड हात लांबून पाहिली जाते, आणि तिथून दिसते ती रंगांची एकसंधता.

एका बाबतीत मात्र मी मूर्तिकारांची रीत मोडायला सांगेन. छोट्या सैनिकाचे डोळे शेवटी नव्हे, कातडीच्या वेळीच करावेत. इतक्या लहान चेहऱ्यावर पांढरा ठिपका गालावर जाणारच. तेव्हा आधी डोळ्याच्या खाचेत गडद तपकिरी, त्यात पांढुरकी आडवी रेघ, तिच्या मध्ये काळा ठिपका आणि मग बाहेर गेलेलं सगळं कातडीच्या रंगाने झाकून टाकायचं. शुद्ध पांढरा वापरला तर मावळा दचकलेला दिसतो, म्हणून त्यात चिमूटभर करडा मिसळावा. मिशांनाही निव्वळ काळा नको, तपकिरीत काळा घालून करावा. आणि तुकडीतल्या साध्या शिपायाचे डोळे रंगवलेच नाहीत, नुसती सावली ठेवली, तरी हातभर लांबून कुणाला कळत नाही.

“बारीक कामाला सर्वांत बारीक ब्रश” हा समज दुकानदारांनाही असतो. तीन शून्यांचा ब्रश घेतला तर त्याच्या पोटात रंगच मावत नाही. थाळीपासून पागोट्यापर्यंत हात पोचेतो टोकावरचा थेंब वाळतो. लागतो तो एक किंवा दोन नंबरचा गोल ब्रश, मात्र त्याचं टोक एकवटून सुईसारखं व्हायला हवं. सिंथेटिक केसांचे ब्रश सुरुवातीला पुरेसे आहेत. कुणी मुंगसाच्या केसांचा ब्रश फार चांगला म्हणून पुढे केला तर तो घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 ने मुंगसाला संरक्षण दिलेलं आहे आणि त्याच्या केसांच्या ब्रशचा व्यापार हा गुन्हा आहे. हे ब्रश मुंगसं मारूनच होतात. आणखी एक सवय मोडायला हवी, ती म्हणजे ब्रशचं टोक ओठात धरून सरळ करण्याची. काही रंगद्रव्यं विषारी असतात. टोक ओल्या फडक्यावर फिरवून आणावं.

रंग घट्ट लावला की उठून दिसतो, हेही खरं नाही. घट्ट ॲक्रिलिक शिल्पातल्या चुण्या बुजवून टाकतं, चेहरा सपाट करतं. रंग दुधाइतका पातळ करून दोन-तीन हात द्यावेत. पहिला हात दिल्यावर काम वाईटच दिसतं, खालचा थर डोकावत राहतो. तिथे घाबरून जाड थर चढवायचा नाही. वाळू द्यायचं आणि दुसरा हात द्यायचा. ऑक्टोबरच्या उन्हात थाळीतला रंग बघता बघता वाळतो. त्यासाठी परदेशी ‘वेट पॅलेट’ विकत घ्यायची गरज नाही. झाकणाचा पसरट डबा, त्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगसाठी मिळणारा कागद, झालं. झाकण लावून ठेवलं तर रंग दुसऱ्या दिवशीही चालतो.

खर्चाबद्दल लोक उगाच धास्तावतात. वॉरहॅमरचे सैनिक आणि आयात रंग महाग आहेत, यात शंका नाही. पण शिकायला ते लागत नाहीत. इथल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे कॅमलचे किंवा फेव्हिक्रिलचे ॲक्रिलिक मातीच्या मावळ्याला उत्तम चालतात. 28 मिलिमीटरच्या प्लास्टिक सैनिकावर त्यांचा दाणा थोडा जाड वाटतो, तेव्हा मुद्दाम मिनिएचरसाठी केलेल्या रंगांचा विचार करावा, आधी नाही. पांढरा, काळा, लाल, पिवळा, निळा आणि मातकट तपकिरी एवढ्यात पहिली तुकडी होते.

प्राइमरला, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराच्या हाताला, फाटा देऊ नये. भाजलेली माती पाणी शोषते, कच्च्या शाडूवर पातळ रंग लावला तर मातीच सुटायला लागते, आणि प्लास्टिकवर रंग धरतच नाही, नखाने निघतो. प्लास्टिक किंवा रेझिनचा सैनिक आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा, साच्याच्या जोडाची रेघ पात्याने खरवडावी आणि मग प्राइमर. पावसाळ्यात स्प्रेचा डबा न वापरणं बरं. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या हवेत एवढा दमटपणा असतो की शेवटी मारायच्या मॅट वॉर्निशचा फवारा पांढुरका धुरकटतो आणि झालेलं काम वाया जातं. त्या दिवसांत ब्रशनेच लावावं. घरी थ्रीडी प्रिंटरवर रेझिनचे सैनिक काढणाऱ्यांनी हातमोजे घालावेत. पूर्ण कडक न झालेलं रेझिन त्वचेला लागत राहिलं तर ॲलर्जी होते, आणि ते धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नसतं.

आता रंगांविषयी, कारण मराठी फौज रंगवणाऱ्याचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. सगळे मावळे एकसारख्या झगझगीत भगव्या पागोट्यात उभे केले जातात. शिवकाळात युरोपीय धर्तीचा एकसारखा गणवेश नव्हता. घोडदळातल्या बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार मात्र दोन्ही स्वतःची आणी. मग दोन शिलेदार सारखे कसे दिसतील? युरोपीय वळणाचे गणवेश आपल्याकडे आले ते पुढे, महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन या युरोपीय सेनाधिकाऱ्याने उभ्या केलेल्या कवायती पलटणींबरोबर, अठराव्या शतकाच्या अखेरीस. दुसरं, कृत्रिम रंगाचा शोध लागला 1856 मध्ये. त्याआधीचं कापड नीळ, मंजिष्ठा, हळद, कुसुंबा यांनी रंगायचं, किंवा कोरंच असायचं. उन्हापावसात ते विटायचं. म्हणून बाटलीतला केशरी जसाच्या तसा लावू नये, त्यात थोडा तपकिरी आणि पांढरा मिसळून उतरवावा. धोतराला पांढरा नव्हे, कोऱ्या कापडाचा पिवळसर रंग द्यावा. भगवा पूर्ण तेजाने लावायची जागा एकच, झेंडा. आजूबाजूचं कापड उतरलेलं असलं की तो आपोआप नजरेत भरतो.

प्रसंगही रंग ठरवतो. पावनखिंडीची लढाई 13 जुलै 1660 ची, भर आषाढातली. पन्हाळ्याला पडलेल्या सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघून रात्रभर चिखल तुडवत विशाळगडाकडे निघालेल्या माणसांचे पाय कोरडे स्वच्छ कसे असतील? गुडघ्यापर्यंत लालसर तपकिरी रंग स्पंजच्या तुकड्याने टिपकावा, धोतराचा खालचा भाग भिजल्यासारखा गडद करावा. पायाखालचा तळ रंगवायला तर काही विकत घ्यावं लागत नाही. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा आहे, तिथली वाटेवरची लाल माती मूठभर पुरते. ती चाळून, तव्यावर कोरडी भाजून फेव्हिकॉलवर भुरभुरली की तळ तयार. वरून पातळ केलेला गडद तपकिरी सोडला की तो आपणहून खाचांत उतरतो आणि सावली पडते. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग घासावा. शिकण्याजोग्या युक्त्या म्हणाल तर याच दोन. अंगरख्याच्या चुण्यांना, दाढीला, घोड्याच्या आयाळीलाही त्याच लागू पडतात.

पन्हाळ्यासह बारा किल्ले जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांनी आपली फौज तयार रंगवलेली का आणावी? दिवाळीच्या महिनाभर आधी कुंभार गल्लीत जा, दहा बिनरंगी मावळे मागा. नुसता पांढरा हात दिलेले मिळाले तर आणखी बरं, प्राइमरचं काम वाचेल. सुरुवात कातडीपासून करा.