नियम आणि कच्चे लिंबू

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात काय किंवा तापीकाठच्या एखाद्या खेड्यात काय, मराठी घरांतील मुले लंगडीचा डाव मांडतात तेव्हा एखादे धाकटे भावंड ‘मलाही घ्या’ म्हणून हट्ट धरून बसते. त्याला ‘कच्चे लिंबू’ म्हणून खेळात घेतात. ते बाद झाले तरी बाद धरीत नाहीत. ही सवलत कोणत्याही नियमावलीत छापलेली नाही. पण तिच्यावाचून ते लेकरू कुंपणापाशी रडत उभे राहिले असते.

मग छापील नियम हवेत कशाला? याचे उत्तर कबड्डी देते. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडु, तमिळनाडूत चेडुगुडु अशी या खेळाची नाना रूपे होती. दूरदूरचे संघ समोरासमोर येऊ लागले, तेव्हा एकच नियमावली अपरिहार्य ठरली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी हा खेळ जगाला करून दाखविला. आज मैदानात एका बाजूस सात खेळाडू आणि एका चढाईस तीस सेकंद, हे सर्वांना ठाऊक असते. जेथे परस्परांची ओळख नाही, तेथे न्यायासाठी नियम हवाच.

याउलट अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा बैठा खेळ प्रसिद्ध केला. मंडळी टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेतात, फासे टाकतात आणि एक सूत्रधार गोष्ट पुढे नेतो. आपले नियम हे मार्गदर्शन समजावे, असे कर्त्यांनीच प्रारंभी सांगून ठेविले. सूत्रधाराला नियम वाकविता येतो. मात्र तो आपल्या लाडक्यासाठी वाकवू लागला की खेळातला विश्वास उडतो.

आपल्या ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतही दोन्ही गोष्टी आहेत. राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी उपवास करावा, हा नियम होय. तो अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत बांधतो. मांसवर्ज्याचा नियम चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो. योग्य कारण असल्यास धर्मग्रामाचा प्रमुखगुरू एखाद्याला सूट देऊ शकतो. तीच संहिता लहानग्यांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकविण्याचे काम धर्मगुरूंवर व आईबापांवर सोपविते.

आता आपल्या घरांत पाहावे. सत्तरीची मधुमेही आजी उपाशी राहून चक्कर येऊन पडते, आणि पंचविशीचा धडधाकट नातू ‘देव मन पाहतो’ म्हणत मटणावर ताव मारतो! आजीला त्या नियमाने बांधलेलेच नाही. नातवाने मात्र स्वतःलाच कच्चे लिंबू ठरविले. मायबापांनो, कच्चे लिंबू कोणी आपले आपण होत नसते. ते इतरांनी प्रेमाने ठरवायचे असते.

शब्बाथ मनुष्यासाठी आहे, हे प्रभू येशूने परूशांना बजाविले. आत्म्यांचे तारण हाच सर्वश्रेष्ठ कायदा, असे संहितेचे शेवटचे कलम सांगते. तेव्हा नियम स्वतःसाठी कडक ठेवावा आणि सवलत दुर्बळासाठी राखावी. आजीच्या हाती वेळेवर भाकरी द्यावी, आणि ती देणाऱ्या नातवाने त्या दिवशी आपला उपवास पाळावा.