हातातला गेमिंग संगणक आणि अंगठ्याचे दुखणे

जीपीडी विन 4 सारख्या हातात धरायच्या गेमिंग संगणकाला दोन्ही बाजूंना जॉयस्टिक, बटणे आणि पडद्यामागे सरकणारा छोटा कीबोर्ड असतो. वजन सुमारे 600 ग्रॅम. ते बोटांनी पेलायचे आणि खेळणे, टाइप करणे मात्र दोन अंगठ्यांनी. तासन्‌तास असे चालले की अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखू लागते.

नेमके काय होते?
अंगठा हलवणारे दोन टेंडन मनगटाजवळ एका अरुंद आवरणातून जातात. तीच हालचाल सतत झाली की आवरण जाड होते आणि टेंडन त्यात घासतात. याला ‘डी क्वेरवेन’ आजार म्हणतात. बाळाला वारंवार उचलणाऱ्या आईलाही हाच त्रास होतो.

कसे ओळखाल?
अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला हळूच वाकवा. अंगठ्याच्या बाजूने कळ आली तर डॉक्टरांना दाखवा.

उपचार
काही आठवडे खेळ थांबवा. अंगठा स्थिर ठेवणारा स्प्लिंट वापरा. कापडात गुंडाळलेल्या बर्फाने 10-15 मिनिटे शेका. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. तरीही न थांबल्यास स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

पुन्हा खेळताना
कोपर उशीवर टेकवा, दर अर्ध्या तासाने थांबा, जास्त टाइप करायचे असल्यास मोठा कीबोर्ड जोडा.

बोटांना मुंग्या, बधिरपणा, मनगटाला लाली किंवा ताप असल्यास वाट पाहू नका. आणि मुलगा ‘हात दुखतो’ म्हणाला, तर रागावण्याआधी त्याचे मनगट पाहा.