कोटाचा कोतवाल, सज्जाचा सेवक

कंधार, उदगीर, औसा इथले किल्ले आपल्याला नवे नाहीत. किल्ल्याला जुना शब्द ‘कोट’. कोटाचा राखणदार तो संस्कृतात ‘कोट्टपाल’. बोलता बोलता ‘ट’चा ‘त’, ‘प’चा ‘व’ झाला नि ‘कोतवाल’ तयार झाला. फारसीनेही हा शब्द इथूनच उचलला. पुष्कळांना मात्र तो मूळचा फारसीच वाटतो.

शेतात दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी दिसतो ना, घरट्याजवळ आलेल्या कावळ्या-घारीला पिटाळणारा? त्यालाही कोतवालच म्हणतात. नाव शोभते!

निजामाच्या हैदराबादेत शहराचा पोलीसप्रमुख म्हणजे कोतवाल. काय तो दरारा! खेड्यातला कोतवाल मात्र तलाठ्याच्या सज्जाला बांधलेला. दवंडी द्या, नोटिसा वाटा, वसुलीला माणसं बोलवा. गारपीट झाली की पंचनाम्याला बांधावर आधी त्यालाच हाक. शब्द तोच, मान तेवढा गेला.

आता शब्दही गेला. २०२५ साली शासनाने कोतवालाचे पदनाम ‘महसूल सेवक’ असे केले. चतुर्थ श्रेणी द्या, ही मागणी त्याच्या कितीतरी आधीची. कोतवालांनी मागितली श्रेणी, आधी मिळाले नाव.