बुरसलेली वैरण आणि शेतकऱ्याचें फुप्फुस

फाल्गुन-चैत्रांत अवकाळी पावसानें कडबा भिजला, आणि घाईघाईनें तो तसाच गंजीस लावावा लागला, असा प्रसंग बहुतेक प्रत्येक शेतकऱ्यावर केव्हां ना केव्हां आलेला असतो. पुढें कांहीं महिन्यांनीं ती गंजी फोडावी तों आंतील पेंढ्या काळवंडलेल्या दिसतात, त्यांना कुबट वास येतो, आणि पेंढी झटकतांच पांढरट धुरळा उठून माणसाच्या तोंडावर येतो. ही माती आहे असें समजून आपण धोतराच्या सोग्यानें तोंड पुसतों आणि पुन्हां कामास लागतों. परंतु ती माती नव्हे. तिच्यांतील बहुतेक कण हे सूक्ष्म जीवांचीं बीजें असतात, आणि तीं ज्याच्या छातींत वारंवार जातात त्याचें फुप्फुस कायमचें निकामी होऊं शकतें. ही गोष्ट कोणत्या संशोधनानें उघडकीस आली, आणि तींतून आपण काय शिकावें, हें आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें या लेखांत योजिलें आहे.

हवा मोजणारे शास्त्रज्ञ

इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील कृषि-संशोधन केंद्र इ. स. १८४३ पासून चालू असून तेथील खतांचे दीर्घकालीन प्रयोग शेतकीच्या अभ्यासकांस परिचयाचे आहेत. याच केंद्रांत फिलिप हेरीज ग्रेगरी (१९०७–१९८६) या वनस्पतिरोगशास्त्रज्ञांनीं आपल्या आयुष्याचा मोठा भाग घालविला. त्यांच्यापुढील मूळ प्रश्न पिकांचा होता. गव्हावरील तांबेरा किंवा बटाट्यावरील करपा एका शेतांतून दुसऱ्या शेतांत जातो, तो बुरशीच्या बीजकणांच्या द्वारें. मग हा कण वाऱ्याबरोबर किती दूर जातो, आणि कोठें व कसा खालीं बसतो? या प्रश्नाचें गणित त्यांनीं १९४५ सालीं प्रसिद्ध केलें. आणि वातावरणांतील सूक्ष्म जीवांवरील त्यांचा ग्रंथ १९६१ सालीं बाहेर पडला.

हवेंतील कण मोजावयाचे तर ते प्रथम पकडले पाहिजेत. त्याकरितां रॉथॅमस्टेड येथीलच शास्त्रज्ञ हर्स्ट यांनीं १९५२ सालीं एक यंत्र सिद्ध केलें. त्यांत मिनिटास दहा लिटर हवा एका अरुंद फटींतून आंत ओढली जाते. फटीमागें चिकट लेप दिलेली कांच असते व ती तासास दोन मिलिमीटर या गतीनें सरकत राहते. हवेंतील कण कांचेस चिकटतात, आणि कोणत्या तासास कोणते कण किती होते हें मागाहून सूक्ष्मदर्शकाखालीं मोजतां येतें. स्वस्थ बसलेला मनुष्यहि मिनिटास जवळजवळ इतकीच हवा आंत घेतो; तेव्हां यंत्राच्या कांचेवर जें उमटतें, तें आपल्या श्वासाचेंच टिपण होय असें म्हणण्यास हरकत नाहीं.

गवतापासून होणारा ताप

आतां दुसरीकडची हकीकत पाहूं. इंग्लंडच्या उत्तरेस वेस्टमोरलंड नांवाचा डोंगराळ व पावसाळी प्रांत होता. तेथील शेतकरी हिवाळ्यांतील वैरणीसाठीं उन्हाळ्यांत गवत कापून वाळवीत. परंतु पाऊस लागला म्हणजे तें अर्धवट ओलेंच सांठवावें लागे. अशा बुरसलेल्या गवतांत काम करणाऱ्यांना होणारा विकार डॉ. कॅम्पबेल यांनीं १९३२ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत वर्णन करून प्रसिद्ध केला. पुढें तो 'शेतकऱ्याचें फुप्फुस' या नांवानेंच ओळखला जाऊं लागला.

या विकाराची रीत फसवी आहे. गवत झटकतांना फारसा त्रास होत नाहीं. चार ते आठ तासांनीं, म्हणजे बहुधा संध्याकाळीं किंवा रात्रीं, थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला लागतो व दम कोंडतो. एक-दोन दिवसांत उतार पडतो आणि रोगी पुन्हां त्याच गंजीकडे जातो. असें वारंवार घडलें म्हणजे फुप्फुसांतील नाजूक पडद्यांवर वण पडतात, तीं ताठर होतात, आणि मग चढण चढणें तर राहोच, पाण्याची घागर उचलणेंहि जड जातें. पडलेले वण औषधानें जात नाहींत.

सोळा, पंचवीस आणि शेंचाळीस

गवतांतील नेमकी कोणती वस्तु हा विकार करिते, हा प्रश्न वैद्यांनीं रॉथॅमस्टेडकडे नेला, आणि पिकांच्या रोगांकरितां कमावलेली विद्या माणसाच्या कामीं आली. ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ओलाव्याचें प्रमाण निरनिराळें ठेवून गवताचे गठ्ठे बांधले व पुढें त्यांत काय घडतें तें पाहिलें. हे प्रयोग १९६३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांचें फळ प्रत्येक शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. शेंकडा १६ ओलावा असलेलें गवत फारसें तापलें नाहीं व जवळजवळ स्वच्छ राहिलें. शेंकडा २५ ओलाव्याचें गवत तापून बुरसलें. आणि शेंकडा ४६ ओलाव्याचें गवत ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलें, व त्यांत उष्णतेंतच फोफावणारे 'ॲक्टिनोमायसीट' नांवाचे, बुरशीसारखे तंतु काढणारे सूक्ष्मजंतु दाट माजले.

त्याच वर्षीं लंडन येथील डॉ. जॅक पेपिस, ग्रेगरी व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, रोग्यांच्या रक्तांत ज्या द्रव्यांविरुद्ध प्रतिक्रिया आढळते, तीं याच उष्णताप्रिय जंतूंपासून उत्पन्न होतात. म्हणजे हा संसर्गजन्य रोग नव्हे. एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं. आंत गेलेल्या कणांशीं शरीर झगडूं लागतें, आणि त्या झगड्यांत फुप्फुसाचीच हानि होते. ब्रिटिश सरकारनें १९६५ सालीं या विकाराची गणना धंद्यामुळें होणाऱ्या रोगांत केली.

हे कण इतके खोल कसे जातात, याचें उत्तर त्यांच्या आकारांत आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. दहा मायक्रॉनांहून मोठे कण बहुतेक नाकांत व घशांत अडकतात, आणि शिंकेनें वा खाकऱ्यानें बाहेर पडतात. या जंतूंचे बीजकण मात्र सुमारें एक मायक्रॉनाचे असल्यामुळें ते थेट फुप्फुसाच्या तळाशीं पोंचतात. बुरसलेली वैरण झटकतांना गोठ्याच्या हवेंत दर घनमीटरमागें १६० कोटींपर्यंत कण असूं शकतात, असें १९६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणींत दिसून आलें.

आपल्याकडील विचार

हें सर्व विलायती गवताचें झालें, आपलें ऊन कडक आहे, असें कोणी म्हणेल. परंतु जंतूंना देश नाहीं. ओलावा आणि ऊब मिळाली कीं पुरे. उसाच्या चिपाडांच्या ढिगांतहि असाच एक उष्णताप्रिय जंतु वाढतो व तो कामगारांच्या फुप्फुसास बाधतो, हें रॉथॅमस्टेडचेच शास्त्रज्ञ जॉन लेसी यांनीं १९७१ सालीं दाखविलें. ज्या महाराष्ट्रांत साखर कारखान्यांच्या आवारांत चिपाडांचे डोंगर उभे राहतात, तेथें ही गोष्ट परकी कशी म्हणावी? आणि हवेंतील बीजकणांचा अभ्यासहि आपल्याकडे झालेला आहे. तत्कालीन औरंगाबाद येथील मराठवाडा विद्यापीठांत टिळक व कुलकर्णी यांनीं १९७० सालीं हवेंतील कण पकडण्याचें स्वतःच्या रचनेचें यंत्र तयार केलें.

वैरण काढणारा गडी रात्रीं तापानें फणफणला म्हणजे 'ऊन बाधलें' किंवा 'सर्दी भरली' असें म्हणून आपण गप्प बसतों. असा ताप गंजीच्या कामामागून दुसऱ्यांदा आला, तर डॉक्टरांकडे जावें, आणि वैरणीच्या धुरळ्याची गोष्ट त्यांस आपण होऊन सांगावी. न सांगितल्यास हा विकार न्युमोनिया किंवा क्षय समजला जाण्याचा संभव असतो.

काय करावें

या रोगावरील खरा उपाय दवाखान्यांत नसून गंजीच्या बुडाशीं आहे. वैरण नीट वाळल्याखेरीज गंजी रचूं नये. वाळली कीं नाहीं याची शंका असल्यास, तिचे बारीक तुकडे व मूठभर कोरडें मीठ कोरड्या कांचेच्या बरणींत घालून कांहीं वेळ हलवावें. मीठ ओलसर होऊन चिकटलें तर ओलावा अधिक आहे असें समजावें. गंजी जमिनीला न टेकवितां दगड-लांकडांच्या माच्यावर रचावी आणि तिचा माथा नीट शाकारावा. नवी गंजी रचल्यावर पहिले कांहीं आठवडे आंत लोखंडी सळई खुपसून ठेवावी व अधूनमधून काढून पाहावी. ती गरम लागल्यास गंजी फोडून वैरण पसरावी.

इतकें करूनहि वैरण बुरसलीच, तर ती बंद गोठ्यांत झटकूं नये. उघड्यावर, वारा पाठीशीं घेऊन, वर पाणी शिंपडून मगच ती हलवावी. तोंडास उपरणें बांधल्यानें एवढे बारीक कण अडत नाहींत. एन-९५ जातीची मुखपट्टी नाकाशीं घट्ट बसवून वापरावी. ज्यास एकदां त्रास झाला आहे त्यास या कामावर पुन्हां लावूंच नये, मग तो घरचा असो वा मोलाचा. फार बुरसलेली वैरण जनावरांसहि अपायकारक असल्यानें ती सरळ खताच्या खड्ड्यांत घालावी.

पेंढ्या चार दिवस अधिक उन्हांत राहिल्या तर कामाचा खोळंबा होतो, हें आम्ही जाणतों. कडब्याचें मोलहि आम्हांस ठाऊक आहे. परंतु कडबा पुढल्या वर्षीं पुन्हां पिकतो. एकदां वण पडलेलें फुप्फुस पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. यास्तव येत्या सुगींत गंजी रचण्यापूर्वीं प्रत्येक वाचकानें एक पेंढी उसकटून आंतील ओलावा हातानें पाहावा, एवढीच आमची विनंति आहे.