साखर पाहिली, चरबीचे काय?

रमजानमध्ये मधुमेही रोजेदार भेटले की पहिला प्रश्न, ‘साखर किती?’ बोटाला सुई टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, हे आता बहुतेकांना पटले आहे. रक्तातल्या चरबीची मात्र कुणी चौकशी करत नाही. टाइप 2 मधुमेहात ट्रायग्लिसराइड वाढते, ‘चांगले’ एचडीएल घटते. ‘वाईट’ एलडीएलचा आकडा अनेकदा बेताचाच दिसतो, पण त्याचे कण बारीक आणि दाट झालेले असतात. ते रक्तवाहिनीच्या भिंतीत सहज शिरतात. साखर ताब्यात असलेल्यालाही हृदयविकार गाठू शकतो, तो असा.

आमचे एक चाचा इफ्तारला खजूर एकच घेत, साखर वाढेल म्हणून. मग भजी-समोसे पोटभर! शिवाय कोलेस्टेरॉलची गोळी महिनाभर बंद. ‘रोज्यात कशी घेणार?’ अहो, दिवसातून एकदाच घ्यायची ती गोळी इफ्तारनंतरही चालते, डॉक्टरांना विचारून पाहा. आजाऱ्याला तर कुरआनने (सूरह बकरा, आयत 184-185) रोज्यातूनच सवलत दिली आहे. तेही डॉक्टरांशी रमजानआधीच बोलावे.

यंदा चाचांच्या दस्तरखानावर खजुरांशेजारी गोळ्यांचे पाकीट दिसते. भजी आहेतच, पण दोन.