‘खलील’ : अरबी व्यक्तिनामांच्या घटनेविषयी

ग्रंथसूचीत ‘खलील’ या शब्दाखाली आठव्या शतकातील बसऱ्याचा एक भाषाशास्त्रज्ञ, विसाव्या शतकातील कैरोचा एक कवी आणि अमेरिकेत स्थायिक झालेला एक लेखक असे तिघे शेजारी शेजारी येण्याचा संभव असतो. तिघांच्याही नावांत हा शब्द आहे. परंतु त्याचे कार्य प्रत्येक ठिकाणी निराळे आहे. हा भेद ध्यानात न घेतल्यास संदर्भ चुकतो, आणि क्वचित व्यक्तीची ओळखही चुकते.

‘खलील’ हे नाव ख्-ल्-ल् या त्रिवर्णी धातूपासून सिद्ध झाले आहे. मराठी वाचकास परिचित असलेली करीम, रहीम, जलील ही रूपे याच साच्यातील होत. ‘जिवलग मित्र’ हा त्याचा अर्थ. कुराणात इब्राहीमला ईश्वराचा मित्र म्हटले असल्याने हा शब्द त्याचे उपपद बनला. ज्या हेब्रॉन नगरात परंपरेनुसार त्याची समाधी आहे, त्याचे अरबी नावही ‘अल्-खलील’ असेच आहे. इब्राहीम हा ख्रिस्ती परंपरेसही पूज्य असल्यामुळे अरबी भाषक ख्रिस्ती समाजातही हे नाव रूढ आहे. सबब, नावावरून धर्माचे अनुमान करणे येथे धोक्याचे ठरते.

अभिजात अरबी नावाची घटना ‘अबू अब्द अर्-रहमान अल्-खलील इब्न अहमद अल्-फराहीदी’ या नावात स्पष्ट दिसते. ‘अबू’ने आरंभ होणारी ‘कुन्या’ अपत्यावरून पडते. ‘अल्-खलील’ हे स्वतःचे नाव, म्हणजे ‘इस्म’. ‘इब्न अहमद’ हा पितृनिर्देश, म्हणजे ‘नसब’. आणि ‘अल्-फराहीदी’ ही कुळ दर्शविणारी ‘निस्बा’. यांपैकी एकही घटक आजच्या अर्थाने आडनाव नव्हे. याच अल्-खलीलने अरबी छंदःशास्त्राचा पाया घातला आणि पंधरा वृत्ते पाच वर्तुळांत बसविली. ‘किताब अल्-ऐन’ या आद्य अरबी कोशाची योजनाही त्याचीच. कोश पूर्णत्वास नेण्याचे श्रेय मात्र बहुधा त्याच्या लैस नामक शिष्यास दिले जाते. त्यात वर्णांचा क्रम कंठापासून ओठांपर्यंत लावला असून धातूंतील वर्णांची सर्व संभाव्य स्थानांतरे—दोन वर्णांची 2, तिनांची 6, चारांची 24, पाचांची 120—गृहीत धरली आहेत. हा उच्चारस्थानानुसारी क्रम आपल्या वर्णमालेचे स्मरण करून देतो. तो भारतीय प्रभावाचा परिणाम असावा, असे काही विद्वानांनी सुचविले आहे. तथापि हा प्रभाव सिद्ध झालेला नाही.

बालबेक येथे जन्मलेला कवी खलील मुत्रान (1872–1949) याच्या बाबतीत ‘खलील’ हे स्वतःचेच नाव आहे. पण ‘अल्’ हे उपपद गळाले आहे आणि ‘मुत्रान’ हे कुलनाम आडनावासारखे वापरले गेले आहे. त्याच्या 1908 सालच्या संग्रहाचे नाव मात्र ‘दीवान अल्-खलील’ असे उपपदासह आहे. आधुनिक काळात जुने घटक नाहीसे झाले, असेही नव्हे. पॅलेस्टिनी नेते खलील अल्-वझीर (1935–1988) हे ज्येष्ठ पुत्रावरून पडलेल्या ‘अबू जिहाद’ या कुन्येनेच अधिक ओळखले गेले.

सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र ‘द प्रॉफेट’ (1923) या ग्रंथाच्या कर्त्याचे आहे. लेबनॉनमधील बशर्री येथे 1883 साली जन्मलेल्या या लेखकाचे पूर्ण नाव जुब्रान खलील जुब्रान. प्रथम स्वतःचे नाव, मध्ये वडिलांचे, शेवटी कुळाचे—मराठी वाचकास ही रचना समजावून सांगण्याची गरजच नाही. 1895 साली हे कुटुंब बोस्टनला आले. तेथील शाळेत या मुलाचे पहिले नाव गळाले, मधल्या नावाची रोमन अक्षरे उलटसुलट झाली, आणि जग त्याला वडिलांच्या नावाने ओळखू लागले. अरबी ग्रंथांवर मात्र तो अखेरपर्यंत ‘जुब्रान खलील जुब्रान’च राहिला. मराठीत रूढ झालेल्या ‘खलील जिब्रान’ या रूपात ‘ख’ पुन्हा आपल्या जागी आला. परंतु गळालेले नाव परतले नाही.

यावरून सूचिकाराने घ्यावयाचा बोध उघड आहे. छंदःशास्त्रज्ञाची नोंद ‘खलील’खाली, कवीची ‘मुत्रान’खाली, तर लेखकाची ‘जुब्रान’खाली करून रूढ रूपापासून तिकडे निर्देश देणे युक्त होय. नावाचा अर्थ कोशात सापडतो. त्याचे कार्य मात्र पूर्ण नाव वाचल्याखेरीज कळत नाही.